“वरून सांगितलंय”: आज्ञापालन आणि विवेक



काही वर्षांपूर्वी आम्ही स्वयंसेवक एका ठिकाणी गरजूंना धान्य वाटत होतो. हातात यादी होती. एक आजी रिकामी पिशवी घेऊन आल्या. त्यांचे नाव यादीत नव्हते. “यादी वरून आली आहे, आजी. आमच्या हातात काही नाही,” असे सांगून आम्ही त्यांना परत पाठवले. तांदळाची पोती आमच्या पाठीमागेच होती. आमच्यापैकी कुणीही कठोर मनाचा नव्हता. मग ते वाक्य आमच्या तोंडून इतक्या सहज कसे निघाले?

1961 साली जेरुसलेममध्ये आइकमान या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला होता. आपण फक्त हुकूम पाळले, असे तो म्हणत होता. त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. साध्या नागरिकांना सांगण्यात आले की पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला 15 व्होल्ट वाढवायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. एका प्रसिद्ध फेरीत 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. अनेकांना घाम फुटला, काहींनी विनवणी केली. पण साहेब “पुढे चालू ठेवा” म्हणाले की बटण दाबले जाई.

मिलग्रॅमचे म्हणणे असे की अशा वेळी माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन समजू लागतो. जबाबदारी आपली नाही, हुकूम देणाऱ्याची, असे त्याला वाटते. शिवाय पायरी लहान असते. 15 व्होल्ट दिले, तर 30 ला थांबायचे कशाला? पुढच्या काही अभ्यासकांनी आणखी एक कारण सांगितले: लोक केवळ भीतीने ऐकत नाहीत, आपण एका चांगल्या कार्याला हातभार लावतो आहोत, असे त्यांना मनापासून वाटते. आमचेही तेच झाले होते. आम्ही तर सेवाच करत होतो!

पण साहेब खोलीत नसून फोनवरून हुकूम देत, तेव्हा पाचांपैकी जेमतेम एकच शेवटपर्यंत गेला. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा 40 पैकी फक्त चौघे. एकाचा नकार दुसऱ्याचे तोंड उघडतो.

नकार देणाऱ्यांत जुना करार शिकवणारे एक प्राध्यापक होते. असे बळ कशाने येते, असे मिलग्रॅमने विचारल्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की देव हाच ज्याचा अंतिम अधिकारी, त्याला माणसाचा अधिकार लहान वाटतो. वाचून आम्हांला अभिमान वाटला. फारोचा हुकूम मोडून बाळे वाचवणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणी आठवल्या. न्यायसभेपुढे उभा राहिलेला पेत्र आठवला.

तरी एवढ्यावर थांबता येत नाही. मंडळीतला अधिकारीच देवाच्या नावाने बोलू लागला तर? इथे आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहावे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन त्यांना आज्ञापालनाचा उपदेश करीत. रमाबाईंनी 1885 मधल्या पत्रांत प्रेमाने पण ठाम उत्तर दिले: पुरोहितवर्गाचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही. देवाची इच्छा मान्य. पण देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाची इच्छा ही देवाची इच्छा नव्हे. त्यांनी प्रभूला सोडले नाही. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभारले आणि सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले.

आपल्या टिळकवाडीत तर ही आठवण दारातच आहे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 रोजी इथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींनी आयुष्यात एकदाच ते अध्यक्षपद भूषविले. काँग्रेस विहिरीवरून आपण रोज जातो-येतो. अन्यायी हुकूम उघडपणे, हात न उगारता मोडायचा आणि शिक्षा स्वतः सोसायची, ही त्यांची शिकवण. नुसता उद्धटपणा आणि विवेकाचा नकार यांतला फरक इथे कळतो: विवेक किंमत स्वतः भरतो.

पौलाने रोमकरांस अधिकाऱ्यांचा मान राखायला सांगितले, तेही खरेच. रांगेत शिस्त हवी, हिशेब हवा, यादीही हवी. पण पिलाताने पाणी मागवून हात धुतले म्हणून तो निर्दोष ठरला नाही. जबाबदारी वर ढकलता येत नाही.

आता वाटपाला बसण्याआधी आम्ही आपसांत ठरवतो: यादीबाहेरचे कुणी आले तर परत पाठवायचे नाही, आधी बसवायचे, मग फोन करायचा. आणि आपल्यातला एक जण “थांबा” म्हणाला, तर बाकीच्यांनी ऐकायचे. त्या आजी मात्र पुन्हा आल्या नाहीत.

हे प्रभू, तुझा आवाज आणि तुझ्या नावाने येणारा आवाज यांतला फरक आम्हांला कळू दे. आणि “थांबा” म्हणण्याची पाळी आमच्यावर आली, तर आमचे तोंड उघड. आमेन.