हिरवी भिंत, पांढरी भिंत

आजी कायमची आमच्याकडे राहायला येणार होती. तिच्या खोलीला रंग कुठला, यावर आई आणि मी दोन आठवडे वाद घालत होतो. मला शेवाळी हिरवा हवा होता, आईला पांढरा. शेडकार्ड घेऊन बसलो आणि बग शोधायच्या सवयीने थेट १७७५ सालात पोचलो.

त्या वर्षी स्वीडनमध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांपासून एक तजेलदार हिरवा रंग बनवला. पुढे शंभरेक वर्षं हा रंग आणि त्याची सुधारित भावंडं युरोपातल्या वॉलपेपरवर राज्य करत होती. विष पोटात गेलं तरच बाधणार, असं आपल्याला वाटतं. पण या रंगाची धूळ उडायची. शिवाय भिंतीला ओल आली की खळीवर बुरशी धरायची आणि त्या रंगातून आर्सेनिकचा वायू सुटायचा. १८९०च्या दशकात इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने मुद्दाम बुरशी वाढवून हे दाखवलं. वायूला लसणासारखा वास येई! सेंट हेलेना बेटावर नेपोलियन राहायचा, त्या दमट घरातला म्हणून जपलेला वॉलपेपरचा तुकडा १९८०च्या दशकात तपासला, तर त्यातही आर्सेनिक निघालं. (तो त्यानेच मेला, ही कथा मला ताणलेली वाटते. पोटाचा कर्करोग हे कारण पुरेसं आहे.)

आईचा पांढरा म्हणजे चुना. तिच्या माहेरी, आजीच्याच घरी, दसऱ्याआधी चुन्याच्या कळ्या पिंपात घालायचे. विस्तव नसताना पाणी खदखदायचं, आणि पोरांना जवळ फिरकायला बंदी. मग त्यात डिंक, आणि पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडी होतो. ताजा असताना तो इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला थारा मिळत नाही. फक्त टेकून बसलं की पाठ पांढरी.

म्हणजे आई जिंकली? तसंही नाही. आजच्या डब्यातल्या हिरव्यात सोमल नसतो आणि डब्यातला पांढरा चुना नसतो. दोन्ही शेवटी प्लॅस्टिकचाच पातळ थर.

हे सगळं मी आजीला फोनवर ऐकवलं. तिला दमा आहे, त्यामुळे ती मधेमधे थांबून बोलते. म्हणाली, "ते असू दे रे. बाथरूमकडची भिंत अजून ओलीच आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शेडकार्ड मिटलं.

प्लंबर शनिवारी येतोय.