कोपरीची रात्र आणि आवाजाचा कायदा

ठाणे स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की कोपरी सुरू होते. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग, तिसऱ्या बाजूला खाडी. या चिंचोळ्या पट्ट्यात आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, चाळी आणि टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. चौकात स्पीकरची भिंत उभी राहिली की तो आवाज समोरच्या इमारतीवर आपटून मागच्या गल्लीतही शिरतो. कोणी तक्रार केली, पोलिसांची गाडी आली, तर आवाज उतरतो आणि गाडी वळली की पुन्हा चढतो. याचे खापर आपण पोलिसांच्या ढिलाईवर किंवा लोकांच्या बेशिस्तीवर फोडतो. दोन्हींत तथ्य आहे, पण खरे कारण कायद्याच्या जन्मात दडले आहे असे मला वाटते. आपल्याकडे वाद्यांवरचे निर्बंध मुळात गर्दीच्या बंदोबस्तासाठी आले. झोपू पाहणारा माणूस त्या कायद्यात फार उशिरा शिरला, आणि आजही बंदोबस्त आणि झोप यांची गाठ पडली की बंदोबस्तच जिंकतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा ठरवला आणि कलम २९० मध्ये त्यासाठी जास्तीत जास्त २०० रुपये दंड ठेवला. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाचे कंबरडे मोडणारी होती. तोच आकडा ३० जून २०२४ पर्यंत जसाच्या तसा राहिला. नव्या भारतीय न्याय संहितेने तो हजारावर नेला. दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणाही सरकारला तो वाढवावासा वाटला नाही, कारण सरकारची खरी भिस्त पोलीस कायद्यावर होती. ठाण्यासारख्या जिल्ह्यांना १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा लागू झाला. पाठोपाठ १८९३ मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली, त्याच सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक झाला, आणि १८९४ मध्ये पुण्यात मशिदीवरून वाजत जाणाऱ्या मिरवणुकीवरून दंगा उसळला. पुढची अनेक दशके अधिकाऱ्यांपुढचा प्रश्न एकच होता: कोणती मिरवणूक, कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी, आणि प्रार्थनास्थळासमोर वाद्ये वाजवायची की थांबवायची. परवाना आला तो यातून. आजारी म्हातारा किंवा पहाटेच्या पाळीचा कामगार त्या कागदावर कुठेच नव्हता.

यावर कायद्याचा जाणकार म्हणेल की १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम ३८ विसरलात. आसपास राहणाऱ्यांना त्रास होत असेल तर वाद्ये आणि इतर आवाज बंद करण्याचा अधिकार त्यात स्पष्ट दिलेला आहे. आक्षेप रास्त आहे. शेजारी राहणारा माणूस या कलमाला नक्कीच दिसला. पण त्याला मिळाली ती अधिकाऱ्याची मर्जी. पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा अहवाल किंवा अन्य माहिती आली आणि वरिष्ठाला आवश्यक वाटले तर तो आदेश काढू शकतो, एवढेच ते कलम सांगते. ठाण्यात १९८१ मध्ये पोलीस आयुक्तालय झाले. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा हा अधिकार आयुक्तांकडे आला, पण त्याचे स्वरूप तेच राहिले.

खरा बदल २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनी केला, कारण त्यांनी आकडा दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल; रात्र म्हणजे १० ते ६. आकडा असला की त्रास होतो की नाही हे अधिकाऱ्याच्या कानावर राहत नाही, यंत्र सांगते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततेचा संबंध थेट जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. मात्र नियमातच पळवाटही आहे. तक्रारीवर कारवाई व्हायची ती मर्यादा १० डेसिबलने ओलांडली तर किंवा रात्रीची बंदी मोडली तर. १० डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. शिवाय २००२ च्या दुरुस्तीने सणासुदीसाठी वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला.

या लढाईचा महत्त्वाचा टप्पा ठाण्यातूनच आला, हे कोपरीकरांनी अभिमानाने सांगावे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या २०१० च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला: रस्ते अडवणारे मंडप नकोत, तक्रारीची यंत्रणा हवी, पोलिसांकडे मोजणी यंत्रे हवीत. वर्षभरातच, १० ऑगस्ट २०१७ रोजी, केंद्राने नियम बदलला. तोवर रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र मानले जात. आता सरकारने खास जाहीर केल्याशिवाय ते अस्तित्वात येत नाही. उच्च न्यायालयाने त्या बदलाला दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने गणेशोत्सवाच्या दिवसांतच रोखली. आकड्याने दिलेला हक्क पुन्हा सरकारच्या मर्जीकडे गेला, याहून ठळक पुरावा मला तरी दिसत नाही.

सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप परंपरेचा आहे. पण आगरी-कोळ्यांच्या लग्नात परंपरा म्हणजे धवलारीण. मांडवात बसून, विधीच्या क्रमाने, पाठ असलेले धवले गाणारी ती बाई. तिच्या मागे बायका ओळ धरतात आणि शब्द सगळ्यांना ऐकू येतात. हळदीच्या रात्री टेम्पोवर डीजे चढला की पहिल्यांदा बुडतो तो तिचाच आवाज. सार्वजनिक गणपतीची सुरुवातीची वर्षेही मेळ्यांची होती, आणि तेव्हा विजेवरचा कर्णा कोणी पाहिलेला नव्हता. दुसरा आक्षेप असा की इथे लोकलचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालतोच, मग चार दिवसांच्या सणावरच डोळा का? रेल्वे आणि महामार्गाच्या आवाजाबद्दल कोपरीने जरूर भांडावे. रात्रीचे हॉर्न आणि बांधकामाची यंत्रे २०१० पासून नियमात आलीही आहेत. पण आधीच आवाजाने भरलेल्या वस्तीत आणखी भर घालण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

गावठाणात आणि चाळीत तक्रार करणे अवघड असते ते यामुळे की मंडळाचा कार्यकर्ता शेजारच्याच दारात राहतो. म्हणूनच जानेवारी २०२५ चा कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवरचा निकाल मला मोलाचा वाटतो. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे उच्च न्यायालयाने त्यात म्हटले. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि त्याचे नाव कोणाला कळू देऊ नये, असेही बजावले. कोपरीच्या पोलीस ठाण्यात रात्री साडेदहाला फोन करणाऱ्या माणसाला हे संरक्षण मिळते की नाही, हे आता मंडपाची परवानगी देतानाच विचारायला हवे, आणि त्या परवानगीच्या कागदावर वेळेबरोबर डेसिबलचा आकडाही लिहिलेला असायला हवा.