पन्हळ बसवली तरी भिंतीला ओल का? पावसाआधी घराच्या पाण्याची वाट अशी सुधारा

मिरग जवळ आला की कौले चाळण्याची, फुटलेली बदलण्याची घाई सुरू होते. छप्पर नीट होते, पन्हळही बसते. तरीही जुलैत भिंतीला ओल धरते, पोपडे सुटतात, जोत्याच्या कडेची माती धुपून जाते. अशा वेळी दोष छपराला दिला जातो. पण बऱ्याच घरांत छप्पर गळत नसते. पन्हळीचे पाणी चुकीच्या जागी सोडलेले असते.

पाणी किती येते?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. ३० बाय २० फुटांचे छप्पर म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. कोकणातल्या जोरदार सरीत तासाला १०० मिमी पाऊस झाला, तर या एका छपरावरून साडेपाच हजार लिटरच्या वर पाणी खाली येते. मिनिटाला १५ लिटरच्या सहा बादल्या! हे सगळे एकाच कोपऱ्यात जोत्याला लागून ओतले गेले, तर चिऱ्याची भिंतही ओल ओढून घेते. मातीच्या भिंतीचा तर पायाच मऊ होतो आणि भिंत कोसळण्याचा धोका निर्माण होतो.

नेहमी होणाऱ्या चुका

- पन्हळ सरळ दिसावी म्हणून ती अगदी समपातळीत लावली जाते. पाणी तुंबते, पाला कुजतो.
- पडवी नंतर वाढवलेली असते आणि वरच्या छपराचा पाइप तिच्या कौलांवर सोडलेला असतो. एका जागी धार पडून कौले सरकतात, पाणी उलटे आत शिरते.
- लांबलचक पन्हळीला एकच पाइप असतो.
- पाइप जोत्यापाशीच संपतो. उडालेल्या पाण्याने भिंतीचा खालचा फूट-दीड फूट कायम भिजतो.
- पावसाचे पाणी संडासच्या टाकीत किंवा तिच्या शोषखड्ड्यात सोडले जाते. खड्डा भरतो आणि मैलापाणी वर येते.

दुरुस्ती खालून वर करा

१. आधी पाणी शेवटी कुठे जाणार ते ठरवा. व्हाळ, गावचे गटार, बागेचा उतार किंवा घर आणि विहिरीपासून लांब खोदलेला शोषखड्डा, यातले जे सोयीचे असेल ते. शोषखड्डा जोत्यापासून निदान दहा फूट दूर हवा.

२. जोत्याभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती करा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरेसा होतो. आतल्या बाजूला खोलगट भाग असेल तर मुरूम टाकून चोपून घ्या.

३. पाइपचे तोंड जोत्यापासून निदान चार-पाच फूट पुढे न्या. तिथे दगड किंवा फरशी ठेवा, म्हणजे धारेने माती उखडणार नाही.

४. पन्हळीला दर दहा फुटांमागे अर्धा ते पाऊण इंच उतार द्या. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. लेव्हल पाइपने दोन टोके खुणावून दोरी बांधा. पन्हळ लांब असेल तर मध्ये उंच ठेवून दोन्ही टोकांना उतार आणि दोन पाइप द्या.

५. क्लॅम्प दर दोन फुटांवर हवेत. कौलाची कड पन्हळीच्या आत दीड-दोन इंच आली पाहिजे. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा. म्हणजे पन्हळ भरून वाहिली तरी पाणी भिंतीकडे न येता अंगणात पडते.

६. पाइपला काटकोनातला एक एल्बो देण्यापेक्षा ४५ अंशांचे दोन द्या. पाला कमी अडकतो. वरच्या तोंडाला जाळी लावा, पण जाळीवरचा पाला काढत राहावे लागते. आंबा-फणसाची झाडे छपरावर असतील तर आठवड्याला एकदा बघावेच.

काम झाल्यावर पन्हळीच्या उंच टोकाला दोन बादल्या पाणी ओता. कुठे थांबते, कुठे ठिबकते आणि शेवटी कुठे जाते, हे पावसाआधीच कळते.

शेजाऱ्याच्या जागेत पागोळ्या पडत असतील तर

आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमानुसार असा हक्क २० वर्षे उघडपणे, शांततेने आणि अखंड उपभोगल्यास निर्माण होऊ शकतो. पण ते दिवाणी कोर्टात सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा त्या बाजूला पन्हळ लावून पाणी आपल्याच अंगणात वळवणे स्वस्त पडते. नवीन पाइप शेजाऱ्याच्या दिशेने काढण्याआधी बोलून घ्यावे.

चढण्याआधी

ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर चढू नये. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. खालच्या आधारावर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच जावे. मीटरकडे येणारी वायर वळचणीजवळून जात असेल तर पत्र्याची पन्हळ किंवा लोखंडी शिडी तिच्याजवळ नेऊ नये. आधी महावितरणला कळवावे. शिडी धरायला खाली एक माणूस हवाच.