झऱ्यांचा नकाशा

खडकात मुरलेले भूजल ज्या ठिकाणी आपोआप भूपृष्ठावर येते, त्या ठिकाणास झरा म्हणतात. डोंगराळ भागात नदी खोल दरीत असते आणि वरच्या गावांची तहान झऱ्यांवरच भागते. निती आयोगाच्या २०१८ मधील अहवालानुसार देशात सुमारे ५० लाख झरे असून, त्यांपैकी जवळपास ३० लाख हिमालयात आहेत. हिमालयातील निम्मे झरे आटत चालल्याचेही त्यात नमूद आहे.

आटलेला झरा पुन्हा वाहता करायचा, तर त्याच्या मुखाशी खोदून फारसा उपयोग होत नाही. पाणी मुरते ते क्षेत्र वरच्या उतारावर, तर कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असते. ते ओळखण्यासाठी झऱ्यांचे नकाशे केले जातात. झऱ्याचे स्थान, उंची, खडकांचे थर, त्यांचा कल, भेगा आणि झऱ्यावर अवलंबून असलेली घरे यांची नोंद घेतली जाते. बादली किती वेळात भरते, यावरून प्रवाह मोजतात. वर्षभराच्या अशा नोंदी पावसाच्या आकड्यांशी ताडल्या की भूजलसाठ्याचे स्वरूप उमगते.

सिक्कीमच्या ग्रामविकास खात्याने २००८ मध्ये ‘धारा विकास’ कार्यक्रम हाती घेतला. रोजगार हमीच्या निधीतून पुनर्भरण क्षेत्रात चर खोदण्यात आले आणि झऱ्यांची माहिती नकाशासंग्रहात नोंदवली गेली. या कामाला पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेचे तांत्रिक साहाय्य लाभले.

सह्याद्रीतही हे शास्त्र लागू पडते. येथे बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले आहेत. वरच्या सच्छिद्र वा भेगाळलेल्या थरातून झिरपणारे पाणी खालच्या घट्ट थराशी अडते आणि कड्याच्या पोटातून बाहेर पडते. त्यामुळे माथ्यावर बांधकामे वाढली किंवा विंधन विहिरींचा उपसा वाढला, तर त्याची झळ पायथ्याच्या पाणवठ्याला बसू शकते.

अनेकदा झरा एका गावाचा, तर पाणी मुरण्याची जमीन दुसऱ्या गावाची किंवा वन विभागाची असते. तेथे चर खणायचे तर संबंधितांची संमती आवश्यक ठरते. माथ्यावरील जमिनीचा आणि खालच्या पाण्याचा संबंध नकाशावर स्पष्ट झाल्यास या वाटाघाटींना ठोस आधार मिळतो.