पोलादी बाहूंचा मुलगा : कागदावरचा आणि पडद्यावरचा

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ ही मालिका दिसू लागली, तेव्हा मिस्सा आटोपून घराकडे धाव घेणाऱ्या मुलांना ती कोणत्या देशात तयार झाली याची फारशी चौकशी नव्हती. मोगली हिंदी बोलत असे, त्याचा जनक रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मलेला. आणि चित्रे मात्र जपानी. पुढे ‘डोरेमॉन’ आला आणि आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत जपानी चित्रमालिका म्हणजे काय हे आजी-आजोबांनाही ठाऊक झाले. परंतु कागदावरची चित्रकथा आधी आणि तिच्यावरून घडविलेली दूरचित्रवाणी मालिका मागाहून, ही जपानमधील रीत कोठून सुरू झाली, आणि एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना कथेचे काय होते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच झालेला आढळतो. तो विचार ज्या एका उदाहरणावाचून करताच येत नाही, ते म्हणजे ओसामु तेझुका यांचा ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे पोलादी बाहूंचा आतोम. पाश्चात्त्य जगाला तो ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने परिचित आहे.

तेझुका यांचा जन्म १९२८ सालचा. बालपण ताकाराझुका या गावी गेले. किड्यांचा विलक्षण नाद. इतका, की आपल्या नावात त्यांनी ‘किडा’ या अर्थाचे अक्षर जोडून घेतले, आणि पुढे स्वतःच्या चित्रपटसंस्थेलाही ‘मुशी प्रॉडक्शन’, म्हणजे किड्याचेच नाव दिले. ओसाका विद्यापीठात ते वैद्यकशास्त्र शिकले. युद्धाच्या अखेरीस शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात कामाला जुंपलेले असताना १९४५च्या बॉम्बवर्षावातून ते वाचले. शांतता आली ती परकीय सैन्यासह. रस्त्यात एका अमेरिकन सैनिकाशी भाषेअभावी बोलणे जमेना, तेव्हा त्याने आपल्याला मारले, ही गोष्ट त्यांनी पुढे सांगितली आहे. दोन समाज एकमेकांचे बोलणे न कळल्यामुळे एकमेकांवर हात उगारतात, हे सूत्र त्यांच्या लेखणीला जे चिकटले ते कायमचे.

एप्रिल १९५१मध्ये ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात त्यांची ‘आतोम राजदूत’ ही चित्रकथा सुरू झाली. जपान तेव्हा अजून परक्या सत्तेखाली होता. हिरोशिमा व नागासाकी यांना सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. नागासाकीतील बॉम्ब उराकामी या वस्तीवर फुटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लपूनछपून श्रद्धा जतन करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे कॅथेड्रल क्षणार्धात ढासळले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. अशा देशात एका मुलाचे नाव ‘अणू’ ठेवणे, त्याच्या अंगात अणुशक्ती खेळविणे आणि त्याला शांतिदूत करणे यातील धाडस आज सहजासहजी लक्षात येत नाही.

त्या पहिल्या कथेत आतोम नायकही नव्हता. परग्रहावरून पृथ्वीवर आलेले लोक हुबेहूब पृथ्वीवासीयांसारखे. नाव तेच, चेहरा तोच. आरंभी सारे गुण्यागोविंदाने राहतात, पण अन्न अपुरे पडू लागताच पाहुणे शत्रू ठरतात. दोन्ही पक्षांपैकी कोणाचाच नसलेला एक यंत्रमानव मुलगा तेव्हा मध्यस्थी करतो, आणि आपल्या शब्दाचे तारण म्हणून स्वतःचे शीर काढून समोरच्या पक्षाच्या हाती देतो. हा प्रसंग आमच्या मते संपूर्ण आतोमचरित्राची किल्ली आहे. तो मुठीने जिंकत नाही. स्वतःला गहाण टाकून जिंकतो.

एप्रिल १९५२पासून तो स्वतःच्या नावाच्या कथामालेचा नायक झाला आणि ती १९६८पर्यंत चालली. त्याची जन्मकथा थोडक्यात अशी : विज्ञान खात्याचे प्रमुख डॉ. तेन्मा यांचा मुलगा तोबिओ मोटार अपघातात दगावतो. दुःखाने वेडावलेला बाप मुलासारखाच यंत्रमानव घडवितो. काही काळाने त्याच्या ध्यानात येते की हा मुलगा वाढत नाही, उंच होत नाही. मग तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. तेथून प्राध्यापक ओचानोमिझु त्याला सोडवून आणतात. घडविणाऱ्या पित्याने टाकलेला आणि परक्याने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला हा मुलगा शाळेत जातो आणि माणसांत राहतो. पण माणसे त्याला आपला म्हणत नाहीत. कथांमधून यंत्रमानवांना हिणवले जाते, मोडले जाते, त्यांच्यावर बंदी आणली जाते. लाकडी बाहुल्याचा खरा मुलगा होतो ती इटालियन गोष्ट आपण जाणतोच. आतोमच्या वाट्याला तसे वरदान कधी आले नाही.

गंमत अशी, की जन्माचा हा प्रसंग पुस्तकांत आज ज्या सविस्तर रूपात आढळतो, तो तेझुकांनी १९७५ साली नव्या आवृत्तीसाठी रेखाटलेला आहे. मालिकेचा पहिला भाग त्याच्या बारा वर्षे आधीचा. म्हणजे मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

आता पडद्याकडे वळू. १९५९-६०मध्ये हाडामांसाच्या नटांना घेऊन आतोमची एक मालिका झाली होती. तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे. १ जानेवारी १९६३ रोजी सायंकाळी सव्वासहा वाजता फुजी वाहिनीवर मुशी प्रॉडक्शनची कृष्णधवल मालिका सुरू झाली. अर्ध्या तासाची चित्रमालिका दर आठवड्याला, हा उपक्रम जपानमध्ये पहिलाच. अमेरिकेतील चित्रपटगृहांसाठी तयार होणाऱ्या चित्रपटांचा मान डोळ्यांपुढे ठेवणाऱ्यांना तो वेडेपणा वाटला, आणि हिशेब मांडला तर तो वेडेपणाच होता. पडद्यावर दर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. पंचवीस मिनिटांच्या भागाला छत्तीस हजार चौकटी झाल्या. दर आठवड्याला इतके कोण काढणार?

तेझुकांनी यावर जी युक्ती काढली तिने जपानी चित्रपटसृष्टीचे पुढील अर्धशतक घडविले. एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरावयाचे. बोलणाऱ्या माणसाचे फक्त ओठ हलवावयाचे, बाकी देह स्तब्ध. पात्र जागेवर ठेवून मागील देखावा सरकवावयाचा म्हणजे ते धावल्याचा भास होतो. आतोमचे आकाशात झेपावणे एकदा काढून ठेवायचे आणि लागेल तेव्हा पुन्हा वापरायचे. या साठ्याला त्यांनी ‘बँक’ असे समर्पक नाव दिले होते. पुंजी थोडी, पण व्याज बरे मिळत असे.

या काटकसरीला आम्ही निव्वळ दोष मानीत नाही. तेझुकांच्या चित्रकथांचे वैशिष्ट्यच असे, की त्यांतील चौकटी चित्रपटाच्या दृष्टीने रचलेल्या असतात : दूरून दिसणारे गाव, मग रस्ता, मग एक चेहरा, मग नुसता डोळा. स्थिर चित्रावर कॅमेरा रेंगाळतो तेव्हा कागदावरची ती शांतता काही अंशी पडद्यावर उतरते. मारी शिमिझु यांचा आवाज, मात्सुओ ओनो यांनी निर्मिलेले पावलांचे व यंत्रांचे चमत्कारिक ध्वनी, आणि मागाहून कवी शुन्तारो तानिकावा यांनी लिहिलेले शीर्षकगीत यांनी जी भर घातली ती कागदाला कधीच शक्य नव्हती. १९६४च्या जानेवारीत एका भागाची प्रेक्षकसंख्या चाळीस टक्क्यांवर गेली.

मात्र काटकसरीची किंमत कोणी मोजली हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. वाहिनीकडून मिळणारी रक्कम खर्चाच्या मानाने तोकडी होती. तूट तेझुका आपल्या चित्रकथांच्या मानधनातून आणि आतोमचे चित्र वापरण्याच्या हक्कांतून भरून काढीत. प्रायोजक मेइजी सेइका या मिठाईच्या कंपनीने चॉकलेटसोबत आतोमची चिकटचित्रे दिली आणि मुलांची झुंबड उडाली. तेझुका वारल्यावर, १९८९ साली, हायाओ मियाझाकी यांनी परखडपणे लिहिले की जपानी चित्रमालिकांना कमी पैशांत राबण्याची सवय येथूनच लागली. मृतात्म्याविषयी बरे बोलावे हा संकेत त्यांनी पाळला नाही. पण रात्र-रात्र जागणाऱ्या चित्रकारांच्या बाजूने कोणीतरी बोलणे जरूर होते. मुशी प्रॉडक्शन १९७३ साली दिवाळखोरीत निघाली.

आणि कथेचे काय झाले? आरंभी मूळ चित्रकथा हाताशी होत्या. पण मासिकाची गती महिन्याची, पडद्याची आठवड्याची. साठा संपला आणि नव्या कथा रचाव्या लागल्या. चार वर्षांत १९३ भाग झाले. दर आठवड्याला एक संकट आणि एक विजय हवाच. सप्टेंबर १९६३पासून मालिका अमेरिकेतही दाखविली जाऊ लागली. तेथे फ्रेड लॅड यांनी इंग्रजी संवाद करून घेतले, ओचानोमिझु हे ‘डॉ. एलेफन’ झाले, आणि १०४ भाग घेतले गेले. सर्व काही घेतले गेले नाही. ‘ख्रिस्ताचे डोळे’ ही आतोमच्या चित्रकथांपैकी एक. तीत चर्चमधील ख्रिस्तमूर्तीच्या डोळ्यावर कोरलेल्या संदेशावरून गुन्ह्याचा माग लागतो. अमेरिकन कंपनीने हा भाग नाकारला. पवित्र मूर्तीवर ओरखडा हे तेथील प्रेक्षकांना रुचणार नाही, ही भीती समजण्यासारखी आहे. तरीही आम्हांस वाटते, की या कथेत विटंबना नाही. जे कोणी पाहिले नाही ते त्या डोळ्यांनी पाहिले, ही कल्पना एका ख्रिस्तीतर लेखकाला सुचावी याचे कौतुकच वाटते.

अशा रीतीने पडद्यावरचा आतोम हळूहळू न्यायाचा शूर शिपाई झाला. तो शिष्ट, हसरा, सदा विजयी. कागदावरच्या मुलाला पडणारे प्रश्न, म्हणजे मी कोणाचा, मला कोण आपला म्हणेल, मी माणसांची आज्ञा का पाळावी, हे पडद्यावर पुसट झाले. तेझुकांना हे जाणवत होते. उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न म्हणून १९६५-६६मध्ये त्यांनी ‘निळा सरदार’ ही चित्रकथा लिहिली. तीत यंत्रमानवांवर जुलूम करणाऱ्या माणसांविरुद्ध आतोम उभा राहतो. वाचकांनी पाठ फिरविली. आपल्या आतोमची लोकप्रियता या कथेनंतर घसरली, असे तेझुकांनीच नमूद केले आहे. दूरचित्रवाणीने घडविलेला गुणी मुलगा आता मासिकाच्या वाचकांनाही तसाच हवा होता. रूपांतराने मूळ कथेवर सत्ता गाजविल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्याच काळातील ‘पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ यंत्रमानव’ (१९६४-६५) या कथेत हा फरक पानोपानी दिसतो. एका सुलतानाच्या हौसेखातर घडविलेला दहा लाख अश्वशक्तीचा प्लुटो जगातील सात थोर यंत्रमानवांना एकेक करून मोडीत निघतो. स्वित्झर्लंडचा, स्कॉटलंडचा, तुर्कस्तानचा, जर्मनीचा, ग्रीसचा, ऑस्ट्रेलियाचा, आणि सातवा आतोम. कागदावर प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव आहे. मुलांना सांभाळणारा एप्सिलॉन लढावयासच नाखूश. आतोम आपलीही शक्ती दहा लाखांवर नेण्याचा हट्ट धरतो, आणि शक्ती वाढल्याने काय साधले हा प्रश्न वाचकाच्या मनात राहून जातो. कारण प्लुटोही दुष्ट नाही. त्याला हुकूम आहे इतकेच. पडद्यावर हे सारे दोन भागांत बसवावे लागले, तेव्हा झुंजी उरल्या आणि माणसे, क्षमा करावी, यंत्रमानव आकसले. या कथेला तिच्या पात्रतेचा अवकाश मिळाला तो नाओकी उरासावा यांच्या ‘प्लुटो’ या आठ खंडांच्या चित्रकथेत (२००३-२००९), आणि तिच्यावरून २०२३मध्ये आलेल्या आठ भागांच्या चित्रमालिकेत. तिच्या निर्मितीमागे असलेले मासाओ मारुयामा हे १९६५ साली मुशी प्रॉडक्शनमध्येच उमेदवारीला लागले होते, ही वंशावळ ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३१ डिसेंबर १९६६ रोजी शेवटचा भाग दाखविला गेला. सूर्य खवळला आहे, पृथ्वी होरपळते आहे. सूर्याला शांत करणारे अस्त्र आतोम स्वतः वाहून नेतो आणि सूर्यातच लुप्त होतो. इतर भागांविषयी आम्ही काहीही म्हटले असले, तरी येथे पडद्याने कागदाला मागे टाकले हे मान्य केले पाहिजे. १९५१ साली आपले शीर तारण ठेवणारा मुलगा येथे परत आला आहे.

परंतु तेझुकांना तो असा जाऊ द्यायचा नव्हता. जानेवारी १९६७पासून ‘सान्केई’ या वृत्तपत्रात त्यांनी नवी चित्रकथा सुरू केली, आणि तिचा आरंभ मालिकेच्या शेवटापासून केला. सूर्याजवळ तरंगणारा आतोम परग्रहावरील टोळासारख्या जीवांना सापडतो आणि त्यांच्यासह काळात मागे फेकला जातो. लेखकाच्या स्वतःच्या वर्तमानात, १९६०च्या दशकात. तेथे यंत्रमानव नाहीत, ओचानोमिझु नाहीत, त्याची शक्ती भरून देणारे कोणी नाही. एका भागात तो व्हिएतनाममधील एका खेड्यात पोहोचतो. अमेरिकन विमाने बॉम्ब टाकण्यास येतात. शिल्लक राहिलेली शक्ती खर्चून आतोम त्यांना अडवितो, खेडे वाचवितो, आणि शक्ती संपताच मेकाँग नदीत पडतो. हे छापले जात होते तेव्हा ते युद्ध चालू होते, आणि त्याच वृत्तपत्राच्या इतर पानांवर त्याच्या बातम्या येत होत्या. मालिका तेव्हा संपलेली होती.