निवळ आणि निर्मळ

साकीनाक्याला मिठी नदीच्या आसपासच्या गल्ल्यांत कपडे रंगवणारे, जीन्स धुणारे लहान कारखाने आहेत. तिथलं सांडपाणी पेल्यात घेऊन उजेडात धरावं. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी आरपार दिसतं, तरी निळंच असतं. असं पाणी निवळ असतं, निर्मळ नसतं.

दोन्ही शब्द संस्कृत ‘निर्मल’चेच. ‘निर्मळ’ फारसा बदलला नाही. ‘निवळ’ प्राकृताच्या वाटेनं आला. ‘ग्राम’चं गाव झालं, तसा इथंही ‘म’चा ‘व’ झाला. मग तो घरात रुळला: ताकाची निवळ, चुन्याची निवळी, गढूळ पाण्यात उगाळून घालायचं निवळीचं बी. या सगळ्यांत क्रिया एकच, जड ते खाली बसतं.

विरघळलेला रंग खाली बसत नाही. रंगारी ज्याला पक्का रंग म्हणतो, तो उन्हाला, साबणाला दाद देऊ नये म्हणूनच घडवलेला असतो. कापडावर न चढलेला त्याचा अंश पाण्यातही तसाच चिवट राहतो. तिथं ‘अधिशोषण’ लागतं. पाठ्यपुस्तकी वाटणारा हा शब्द मला फार नेमका वाटतो. शोषणात पदार्थ आत मुरतो. अधिशोषणात तो पृष्ठभागावर चिकटतो. ‘अधि’ म्हणजे वर, आणि सगळं मर्म त्या उपसर्गात आहे. पृष्ठभाग जितका मोठा, तितका रंग जास्त धरला जातो. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशाला सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ग्राफीनचा हिशेबानं २६३० भरतो.

कार्बन हा लॅटिनमधला कोळसाच. ग्राफीन त्याचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा; मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली तो चिकटपट्टीनं ग्राफाइटवरून सोलून काढला. ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनवर, म्हणजे ग्राफीन ऑक्साइडवर, ऋण भार असतो, त्यामुळे मेथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग त्याला चटकन चिकटतात. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋणभारित. त्यांच्यासाठी त्या पृष्ठभागावर वेगळे संस्कार करावे लागतात.

शिवाय चिकटलेला रंग नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. रंगानं भरलेला कोळसा पुन्हा वापरण्याजोगा करायचा, ग्राफीनचे पापुद्रे पाण्यातून परत मिळवायचे, हा खर्च गल्लीतल्या एकट्यादुकट्या कारखानदाराला झेपणारा नाही. त्याआधी या सगळ्यांचं पाणी गटारात न सोडता एका सामायिक प्रक्रिया केंद्रापर्यंत नेणारी वाहिनी टाकायला हवी.