तासाची सायकल, दिवसाची मोटरसायकल

आत्याचा दोनदा फोन येऊन गेला. "थायलंडचं लिहिणार होतास ना रे? काय झालं?" तर आत्या, हे घे. पण आधीच सांगतो, हे प्रवासवर्णन नाही. देवळं, बाजार, नूडल्स यातलं यात फारसं काही सापडणार नाही. फोटो तू पाहिले आहेसच. फोटोत जे आलं नाही त्याबद्दल लिहायचं होतं, आणि ते लिहायला बसलं की दर वेळी गाडी पुण्यातल्या साठ वर्षांपूर्वीच्या एका सायकलीच्या दुकानापाशी येऊन थांबत होती. शेवटी म्हटलं, थांबू दे तिथेच.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही सात जण चियांग माईला गेलो. सगळे चाळिशी ओलांडलेले, एकटा मामेभाऊ तेवढा पस्तिशीतला. बेत असा की तिथे मोटरसायकली भाड्याने घ्यायच्या आणि पै, मे होंग सोन असा डोंगरातून वळसा घालून परत यायचं. साधारण सहाशे किलोमीटर. या वळशावर १८६४ वळणं आहेत असं तिकडे अभिमानाने सांगतात आणि ते छापलेले टी-शर्टही विकतात. थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

दुकान एका बाई चालवत होत्या. हसऱ्या, चटपटीत. ब्रेक दाखवले, हेल्मेटं दिली, गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो काढून घ्यायला आम्हालाच सांगितलं. मग म्हणाल्या, "पासपोर्ट." सात पासपोर्ट काउंटरवर गेले. बाईंनी त्यांना रबरबँड लावला आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. झालं! लायसन्स कुणाचंच पाहिलं नाही. गाडी येते का, हेही विचारलं नाही.

त्या ड्रॉवरचा आवाज ऐकला आणि मला एकदम मोठे काका आठवले.

*

पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे आता सांगावं लागतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. कॉलेजची मुलं सायकलवर, प्रोफेसर सायकलवर, दूधवाले सायकलवर. सायकलीवर नगरपालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलीस पकडायचे. ज्यांना त्या काळाचा वास घ्यायचा आहे त्यांनी कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय जरूर बघावं. २०१७ साली सुरू झालं. मी दोनदा जाऊन आलोय.

पण सायकल सगळ्यांकडे नव्हती. म्हणून भाड्याच्या सायकलीची दुकानं. आमच्या नारायण पेठेत एक होतं. फळीवर पंक्चरचं सामान, पाण्याची घमेली, एक पंप आणि भिंतीला टेकून उभ्या आठ-दहा सायकली. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. सीट दगडासारखी. मालकांची एक लांबट वही असे. त्यात नाव, वाड्याचं नाव, सायकलीचा नंबर आणि वेळ. अनामत नाही, सही नाही. "जोशांच्या वाड्यातला, मधला" एवढी नोंद पुरायची.

१२ जुलै १९६१ ला सकाळी मोठे काका, वय सोळा, या दुकानातून एक तासाच्या बोलीने सायकल घेऊन निघाले. कशाला? तर नदीला पाणी चढतंय म्हणून बघायला! पानशेत फुटल्याची बातमी गावभर व्हायची होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. काका सायकल खांद्यावर घेऊन उंचावर पळाले. पर्वतीच्या बाजूला कुणा ओळखीच्यांकडे राहिले, तीन दिवसांनी घरच्यांना सापडले. आजीने आधी मारलं आणि मग जवळ घेतलं, असं आत्या तूच सांगतेस.

आठ-दहा दिवसांनी चिखल उपसून झाल्यावर काका सायकल घेऊन दुकानात गेले. दुकान असं उरलंच नव्हतं. फळी गेली, पंप गेला, वही गेली. म्हणजे कोणती सायकल कुणाकडे होती याचा कागद जगात कुठेही नव्हता. मालक पायरीवर बसून वाकड्या रिमा वेगळ्या करत होते. काकांनी सायकल भिंतीला लावली आणि विचारलं, किती द्यायचे? मालकांनी एका तासाचे पैसे घेतले. "तासाचीच बोली होती ना."

काका ही गोष्ट आयुष्यभर सांगायचे. आम्हाला ती काकांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट वाटायची. काकांना मात्र ती मालकांची गोष्ट वाटत असावी.

*

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८७-८८ च्या सुमारास, ते दुकान मालकांचा मुलगा चालवायचा. तासाला पन्नास पैसे. मी छोटी सायकल शिकून झाल्यावर एकदा ऐटीत मोठी मागितली. त्याने माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं. "बोळाच्या टोकापर्यंत जाऊन ये." गेलो, नळीखालून पाय घालून, कशीबशी. वळताना पडलो. "पाय टेकायला लागले की ये," म्हणाला. वडिलांचं नाव सांगून पाहिलं, काकांचंही सांगितलं. उपयोग शून्य. वर्षभर तो मला छोटीच देत राहिला. किती राग यायचा मला त्याचा!

तोवर शहर सायकलीवरून उतरायला लागलं होतं. फिरोदियांची लूना आणि बजाजची चेतक, दोन्ही १९७२ च्या. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. एवढ्या मिनतवारीने मिळालेली स्कूटर कोण कुणाला तासाने देणार? शेजाऱ्यालाही देताना माणूस दहा वेळा विचार करी. एकेक करत सायकलीची दुकानं पंक्चरची दुकानं झाली, मग तीही गेली. आमच्या इथल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या दुचाकीला आपल्या कायद्यात नीट जागा मिळाली ती फार उशिरा. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमाने सरकारला तशी योजना करायचा अधिकार दिला. गाड्यांसाठीची योजना १९८९ मध्ये आली, मोटरसायकलींसाठीची १९९७ मध्ये. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं ही अशा वाहनाची खूण. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पहिल्यांदा गोव्यात पाहिली असणार. आम्हीही कॉलेज संपल्यावर गोव्यातच पहिल्यांदा मोटरसायकल भाड्याने घेतली. पांढऱ्या पाटीची, कुणाची तरी खाजगी, कारण ती पन्नास रुपयांनी स्वस्त होती. पोलिसांनी अडवल्यावर ते पन्नास रुपये कसे वसूल झाले ते सांगत नाही.

गंमत म्हणजे काका सोळा वर्षांचे होते तेव्हा गोवाच परदेश होता. पानशेतच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, तो मुक्त झाला. त्याआधी १९५५ साली पुण्याहून नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखी माणसं तुकड्या घेऊन हद्द ओलांडायला निघाली होती, पायी, आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला अनेक सत्याग्रही गोळीबारात मारले गेले. ज्या हद्दीसाठी लोकांनी जीव दिले तिथून आम्ही चिप्स खात, गाणी म्हणत गेलो. वाईट वाटायचं कारण नाही, त्यांनी ती त्यासाठीच तर पुसली. पण कधीतरी आठवावं, इतकंच.

आज उलटा प्रकार आहे. पुणेकर परदेशात जाऊन मोटरसायकली भाड्याने घेतात आणि पुण्याच्या मोटरसायकली परदेशात भाडी मारतात. युगांडात कंपालामधल्या बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी, बहुतेक बजाज बॉक्सर असतात. काठमांडूत तर पल्सर पाहून आपण जंगली महाराज रस्त्यावर आहोत असं वाटतं.

*

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

परदेशात गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्या आरटीओत मिळतो. करड्या-पांढऱ्या कागदांचं साधंसं पुस्तक. ते १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलं जातं. त्यानंतर १९६८ चा व्हिएन्ना करार आला, त्यात भारत नाही. म्हणून व्हिएतनाममध्ये हे पुस्तक चालत नाही, थायलंडमध्ये चालतं. ही सगळी माहिती मी काढली होती, कारण सहल मी ठरवली होती. सगळ्यांची कागदपत्रं माझ्याच फाइलमध्ये होती.

या पुस्तकात वाहनांचे पाच वर्ग असतात. त्यातला पहिला मोटरसायकलींचा. तुमच्या मूळ लायसन्सवर जे असेल त्याच वर्गासमोर शिक्का बसतो. मामेभावाच्या पुस्तकात पहिल्या वर्गासमोर शिक्का नव्हता. त्याने लायसन्स काढलं होतं फक्त चारचाकीचं.

मी ते पुण्यातच पाहिलं होतं. फाइल लावताना. त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "दादा, कॉलेजपासून चालवतोय की मी! कोण बघतंय?" ते खरंही होतं, मित्रांच्या गाड्या तो वर्षानुवर्षं चालवायचा. पण पुण्याच्या रस्त्यावर शंभर सीसीची गाडी चालवणं वेगळं आणि डोंगरात सामान लादून चालवणं वेगळं. तिकिटं काढून झाली होती. सात जणांचा हिशोब बसला होता. त्याला माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या मागे बसवता आलं असतं. मी फाइल बंद केली.

तिसऱ्या दिवशी, पैच्या पुढे, उताराच्या एका वळणावर वाळू होती. मी त्याच्या मागेच होतो. गाडी आडवी झाली, तो रस्त्याच्या कडेला फेकला गेला. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, हे आमचं नशीब. एका गावकऱ्याने पिकअपमध्ये मागे झोपवून दवाखान्यात पोचवलं, पैसे घ्यायला हात पुढे केला नाही. कॉलरबोन मोडलं होतं, मनगट मोडलं होतं.

विमा कंपनीने कागद मागितले, मी पाठवले. उत्तर आलं ते एका ओळीत सांगता येईल. त्या वर्गाचं वाहन चालवायचा परवाना नसल्याने दावा मंजूर करता येत नाही. राग आला, पण कुणावर काढणार? अट छापलेली होती, आणि पॉलिसी काढताना तिथे खूण मीच केली होती. बिल सातांत वाटून घेतलं. मामीने फोनवर एकच विचारलं, "तुला माहीत होतं का रे?" मी हो म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही. ते अजून टोचतं.

गाड्या परत करताना दुकानदार बाईंनी आरसा, फूटरेस्ट आणि बाजूचं कव्हर यांचे पैसे लावले, वाजवीच लावले. ड्रॉवर उघडला, रबरबँड काढला, पासपोर्ट दिले. त्यांची चूक काय? गाडी सुरक्षित परत यावी यासाठी त्यांना जे हवं होतं ते त्यांनी ठेवून घेतलं होतं. माणूस सुरक्षित परत यावा यासाठी काय ठेवून घ्यायचं, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. तो बघायचं काम माझं होतं. (आणि हो, पासपोर्ट असा कुणाकडे ठेवू नये. बरीच दुकानं त्याऐवजी रोख अनामत घेतात. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.)

२०१७-१८ मध्ये पुण्यात अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतंय? रंगीत, चकचकीत. फोन दाखवला की कुलूप उघडायचं. काही मोडल्या, काही चोरीला गेल्या, आणि बहुतेक कंपन्या थोड्याच काळात निघूनही गेल्या. त्या सायकलींना वापरणाऱ्याचा फोन नंबर माहीत होता, ती कुठे आहे हेही माहीत होतं. पाय टेकतात का हे बघायला मात्र पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं.

जुने दिवस चांगले होते वगैरे मला म्हणायचं नाही. ती वही फक्त ओळखीच्यांसाठी होती. पेठेबाहेरचा, परगावचा, 'आपल्यातला' नसलेला मुलगा आला असता तर त्याला सायकल मिळाली असती का, मला शंका आहे. आम्हाला मात्र हजारो मैलांवरच्या बाईंनी जातगोत न विचारता सात गाड्या दिल्या. हेही खरंच आहे.

असो. मामेभावाचा हात आता बरा आहे. गेल्या महिन्यात त्याने दुचाकीचं लायसन्स काढलं, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आळंदी रोडच्या ट्रॅकवर मी त्याच्याबरोबर गेलो होतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत हा उभा. इन्स्पेक्टर साहेबांनी हात करून सांगितलं, आठचा आकडा काढा, पाय टेकवायचा नाही, आणि परत इथे या.

पहिल्या वळणाला त्याची गाडी जरा डगमगली. माझा श्वास अडकला. मग तो सरळ झाला, फिरून परत आला.